दहावीनंतर व्होकेशनल, द्विलक्षी, आयटीआय का डिप्लोमा? (सोलापूर)

दत्तनगर_मामा | २१ मे, रात्री ९.४८

नमस्कार मंडळी. भाच्यासाठी विचारतोय. दहावीला ६२ टक्के पडलेत. विज्ञान बरं आहे, गणितात काठावर, इंग्रजीत त्याहून जरा वर. शाळा मराठी माध्यमाची, घरी तेलुगू. दाजी यंत्रमागावर, ताई विड्या वळते. पोरगा सुट्टीत ओळखीच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात जातो. मालक म्हणतात हात चांगला आहे, डोकं स्थिर आहे.

निकाल लागल्यापासून घरी जो येतो तो चहा पिऊन एक सल्ला देऊन जातो. एक म्हणाले अकरावीला व्होकेशनल घ्या, बारावीही होते आणि धंदाही हातात येतो. दुसरे म्हणाले सायन्सला घालून इलेक्ट्रॉनिक्स द्या (द्विलक्षी म्हणतात ते), मार्क पडतात. तिसरे पॉलिटेक्निकवाले, म्हणजे डिप्लोमा करा म्हणणारे, चौथे आयटीआयवाले. दाजींचं म्हणणं वेगळंच, "काहीही करा पण बारावी झाली पाहिजे, पुढं सोयरीक जमवताना विचारतात."

मला फक्त हे समजून घ्यायचंय की या चारांत नेमका फरक काय, आणि कुठलं घेतलं तर पुढचा कुठला रस्ता बंद होतो. पैसे फार नाहीत. तीन वर्षांत चार पैसे कमवायला लागला तर हवंच आहे, पण उद्या त्यानं पुढं शिकायचं म्हटलं तर कागद आडवा यायला नको.

शेंगाचटणी | २१ मे, रात्री १०.०५

काय बे मामा, हात चांगला हाय म्हणतोस आणि वर विचारतोस? आयटीआय इलेक्ट्रिशियन टाक, विषय संपला. विजापूर रोडला जाऊन फॉर्म भरून ये. बाकी समदं कॉलेजवाल्यांचं दुकान हाय.

सायन्सच_करा | २१ मे, रात्री १०.२२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. व्होकेशनलला कोण जातं हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याला कुठेच जागा मिळत नाही तो. ६२ टक्के म्हणजे वाईट नाहीत. सायन्स घ्या, क्लास लावा, बारावीनंतर सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा द्या. आज पोराच्या हातात पान्हा दिलात तर जन्मभर पान्हाच राहील.

निवृत्त_निदेशक | २२ मे, सकाळी ७.१०

वरच्या दोन्ही प्रतिसादांना उत्तर द्यायचा मोह होतोय, पण आधी मामांचा मूळ प्रश्न घेतो. मी व्यवसाय अभ्यासक्रमाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवत निवृत्त झालो, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिलं, ज्याला लोक "व्होकेशनल" म्हणतात ते. याचं जुनं नाव किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, सगळे एमसीव्हीसी म्हणायचे. आता एचएससी व्होकेशनल. कला, वाणिज्य, विज्ञान तशी ही चौथी शाखा. अकरावी-बारावी दोन वर्षं. भाषा असतात, सामान्य पायाभूत अभ्यासक्रम नावाचा एक विषय असतो आणि उरलेला सगळा वेळ एकाच व्यवसायाला. त्याचे तीन लेखी पेपर, प्रात्यक्षिकं, आणि प्रत्यक्ष कामावर जाऊन घ्यायचं प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी. व्यवसाय पुष्कळ आहेत. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाईल, बांधकाम, हॉर्टिकल्चर, क्रॉप सायन्स, मेडिकल लॅब टेक्निशियन, अकाउंटिंग आणि ऑफिस मॅनेजमेंट, मार्केटिंग आणि रिटेल वगैरे. सगळे सगळीकडे नसतात, एका कॉलेजात दोन-तीन मिळाले तरी पुष्कळ. शिक्षणाची देखरेख व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे, पण परीक्षा आणि प्रमाणपत्र उच्च माध्यमिक मंडळाचं. सोलापूर पुणे विभागीय मंडळात येतं. म्हणजे दाजींची बारावी इथे होते, पक्की होते.

पण या शाखेत भौतिक, रसायन, गणित हे विषय सायन्ससारखे स्वतंत्र नसतात. म्हणून बारावीनंतर सीईटी देऊन थेट इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जाता येत नाही. डी.फार्म.ला, म्हणजे औषधनिर्माणाच्या डिप्लोमाला जाता येत नाही, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा प्रश्नच नाही. बी.ए., बी.कॉम. करता येतं. आणि तांत्रिक व्यवसाय असेल तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. ही शेवटची गोष्ट पुष्कळ पालकांना माहीतच नसते.

दुसरं, द्विलक्षी. हे सायन्सच आहे. त्याबद्दल इथे कोणी केलेलं असेल तर त्यांनीच सांगावं.

तिसरं आयटीआय, चौथं डिप्लोमा. दोन्हींत अकरावी-बारावी नाही. डिप्लोमा तीन वर्षांचा, दहावीला किमान ३५ टक्के लागतात, परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. आयटीआय ट्रेडप्रमाणे, म्हणजे निवडलेल्या व्यवसायाप्रमाणे, एक किंवा दोन वर्षांचा. इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर दोन वर्षं; वेल्डर एक वर्ष.

आता @सायन्सच_करा. केंद्र सरकारनं नेमलेल्या कोठारी शिक्षण आयोगानं १९६४ ते ६६ या काळात जे काम केलं त्यात उच्च माध्यमिक पातळीवर व्यवसाय शिक्षणावर भर होता. दहा अधिक दोन अधिक तीन हा नवा आकृतिबंध आपल्याकडे आला तो त्यानंतर, दहावीची पहिली परीक्षा १९७५ ला आणि बारावीची १९७७ ला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानं लक्ष्य ठेवलं की उच्च माध्यमिकची १० टक्के मुलं १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेत यावीत. १९९२ मध्ये त्याच लक्ष्यांच्या तारखा १९९५ आणि २००० अशा पुढे ढकलल्या. तरी गाठली नाहीत. ही शाखा नापासांसाठी काढलेली नव्हती. शाळांनी ती तशी वापरली, हे मात्र मी नाकारत नाही. "याला कुठेच घेत नाहीत, तुमच्याकडे घ्या" अशी चिठ्ठी घेऊन आलेली मुलं मी पाहिलीत. त्यांतली काही आज मला त्यांच्या दुकानात खुर्ची देतात.

सीएस_वाली | २२ मे, सकाळी ११.३०

मी द्विलक्षी केलंय, कॉम्प्युटर सायन्स. सध्या सोलापूर विद्यापीठाच्याच एका कॉलेजात बी.एस्सी. ईसीएस (एंटायर कॉम्प्युटर सायन्स) करते.

द्विलक्षीत एक विषय २०० मार्कांचा असतो. तो दुसरी भाषा आणि आणखी एक विषय (बहुतेक जण जीवशास्त्र सोडतात) यांच्या जागी येतो. म्हणजे इंग्रजी १००, फिजिक्स १००, केमिस्ट्री १००, गणित १०० आणि कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स २००, झाले ६००. प्रॅक्टिकलचा वाटा मोठा असल्यामुळे टक्केवारी वाढते, हे खरं आहे. पण मामा, "मार्क पडतात" म्हणणाऱ्यांना एक विचारा, ते मार्क पुढे धरतं कोण? इंजिनिअरिंगला सीईटी आणि फिजिक्स, गणित बघतात. आणि गणित सुटत नाही, उलट जास्त अवघड येतं. दहावीला गणित काठावर असेल तर अकरावीचं गणित बघून पोरगा घाबरेल. शिवाय सगळं एकदम इंग्रजीत. माझ्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं पहिले काही महिने गप्प बसून असायची. शिकवलेलं कळायचं, प्रश्न विचारता यायचा नाही.

ज्याला सायन्स झेपतं, इंजिनिअरिंग किंवा बी.एस्सी. नक्की करायचंय आणि डॉक्टरकी करायची नाही, त्याच्यासाठी द्विलक्षी मस्त आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला सोल्डरिंग वगैरे करतो तेवढं, पण त्याला धंदा शिकणं म्हणू नका.

केगावकर_ताई | २२ मे, दुपारी १.१५

धाग्यात घुसते, माफ करा. मुलगी दहावी झाली, ७१ टक्के. तिला दवाखान्यात काम करायचंय. आमच्या जवळच्या कॉलेजात व्होकेशनलला मेडिकल लॅब टेक्निशियन (एमएलटी) आहे. घेऊ का? तिथले सर म्हणाले पुढे नर्सिंगला पण जाता येतं.

लॅबमधली | २२ मे, दुपारी ३.४०

@केगावकर_ताई, "नर्सिंगला जाता येतं" हे अर्धं सांगितलंय. नर्सिंग तीन प्रकारचं. एएनएम (सहायक परिचारिका) बारावीच्या कुठल्याही शाखेला, त्यात आरोग्याचा व्यवसाय अभ्यासक्रम केलेल्या मुली चालतात. जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) बारावी, इंग्रजी विषय आणि ४० टक्के, सायन्स असेल तर उत्तमच. पण बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी हे विषय घेऊन खुल्या गटाला ४५ टक्के आणि वर प्रवेश परीक्षा. व्होकेशनल एमएलटी घेतलं की बी.एस्सी. नर्सिंग गेलं. तसंच नंतर डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा करायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी सायन्सचीच बारावी मागतात. लोकांना वाटतं एमएलटी केलंय म्हणजे डीएमएलटीला आधी घेतील. उलटं होतं.

एमएलटी वाईट आहे असं म्हणत नाही. मी ज्या लॅबमध्ये आहे तिथे रक्त काढायला, नमुने लावायला, स्लाइड बनवायला व्होकेशनलच्या मुली आहेत आणि सायन्सवाल्यांपेक्षा लवकर तयार होतात. पण रिपोर्टवर सही त्यांची नाही आणि पगार तिथेच थांबतो. ७१ टक्के असतील आणि घरून दोन वर्षं काढता येत असतील तर साधं सायन्स बायोलॉजीसह घ्या. नाहीच झेपलं तर जीएनएम तेव्हाही आहे.

केगावकर_ताई | २२ मे, दुपारी ४.०२

बापरे. उद्याच जाऊन त्या सरांना विषयांची यादी मागते. खूप आभार ताई.

वायंडिंग_अँड_सन्स | २२ मे, रात्री ९.१५

अक्कलकोट रोडला आमचं मोटर वायंडिंगचं काम चालतं. यंत्रमागाच्या मोटरा, बोअरच्या सबमर्सिबल, गिरणीच्या, सगळ्या येतात. उन्हाळ्यात तर श्वास घ्यायला वेळ नसतो, सगळ्या गावांच्या मोटरा एकदम जळतात.

माझ्याकडं काम मागायला आलेल्या पोराला मी सर्टिफिकेट मागत नाही. जळका स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग, पुढ्यात ठेवतो. खाचा मोज म्हणतो, कॉइल किती खाचांवर टाकलीय ते सांग, तार कितीची आहे ते गेज लावून बघ, कनेक्शन स्टार आहे का डेल्टा ते ओळख. आयटीआयवाला यातलं निम्मं सांगतो. व्होकेशनलवाला कुठल्या कॉलेजातला आहे त्यावर आहे. एका कॉलेजच्या पोरांना वर्कशॉपमध्ये खरंच उभं केलेलं असतं, दुसऱ्या ठिकाणी दोन वर्षांत मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) हातात घेतलेला नसतो. ओजेटीच्या फॉर्मवर सही द्या, पोरगं येणार नाही, असं सांगायला माझ्याच दुकानात एक जण आले होते. मी दिली नाही ती गोष्ट वेगळी, पुढच्या दुकानात मिळाली असेल.

एवढं सगळं बोलून सांगतो, माझ्या पोराला मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाला घातलंय. कारण वायंडिंग मी शिकवतो. पण वायरमनचा परवाना, सुपरवायझरचा परवाना, ठेकेदारीचं लायसन यांना सरकार हात बघत नाही, कागद बघतं. मी ते लायसन दुसऱ्याच्या नावावर चालवून बघितलंय, त्यात रोज मिनतवाऱ्या आहेत.

शेंगाचटणी | २२ मे, रात्री ९.३१

सन्सपैकी एक तर इंजिनिअर होणार म्हणा की मग! दादा, सबमर्सिबलचा भाव जरा कमी करा यंदा, आमच्या मंद्रूपच्या शेतावरली तिसऱ्यांदा जळली.

कुर्डुवाडी_लाइन | २३ मे, सकाळी ८.२०

एक मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. सोलापूर जिल्ह्यात राहून रेल्वेचा विचार न करणं बरोबर नाही. मध्य रेल्वेची शिकाऊ उमेदवारांची भरती निघते त्यात सोलापूर विभाग असतो, कुर्डुवाडीचा कारखाना असतो. पात्रता दहावीला ५० टक्के आणि संबंधित ट्रेडचं आयटीआय प्रमाणपत्र. व्होकेशनल बारावी तिथे चालत नाही. महावितरणच्या विद्युत सहायकालाही इलेक्ट्रिशियन नाहीतर वायरमन ट्रेड मागतात. दरवेळी आमच्याकडे व्होकेशनल इलेक्ट्रिकल केलेली चांगली मुलं जाहिरात घेऊन येतात आणि "सर, आमचं तर याच्यापेक्षा जास्त शिक्षण आहे ना?" असं विचारतात. काय सांगायचं.

निवृत्त_निदेशक | २३ मे, सकाळी ९.०५

अगदी बरोबर. त्यात भर घालतो, म्हणजे एकच बाजू दिसायला नको. व्होकेशनलवाल्यांसाठीही शिकाऊ उमेदवारी आहे, पण वेगळ्या नावानं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन तंत्रज्ञ (व्यवसाय) असा गट आला, तो नेमका बारावी व्यवसाय शाखेसाठी. एक वर्षाचं प्रशिक्षण, नोंदणी मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाच्या मार्फत. २०१९ च्या नियमांत या गटाचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं होतं, डिप्लोमावाल्यांचं ८,००० आणि पदवीधरांचं ९,०००. कॉलेजनं कंपन्यांशी बोलून ठेवलं असेल तर ही जागा मिळते. नसेल तर विद्यार्थ्याला तिचा पत्ताच लागत नाही, कारण आयटीआयच्या जाहिराती पेपरात येतात आणि ही येत नाही. प्रवेश घेताना कॉलेजला हा एक प्रश्न जरूर विचारा, मागच्या बॅचची किती मुलं शिकाऊ उमेदवारीला गेली आणि कुठे. उत्तर लगेच आलं तर ठीक. "पाठवतो आम्ही" असं आलं तर समजून जा.

दाजींच्या बारावीवरही एक उपाय आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पूर्ण करून मंडळाची भाषा विषयांची परीक्षा दिली तर बारावी समकक्ष प्रमाणपत्र मिळतं. आयटीआय केलं म्हणजे बारावी राहिलीच, हे आता खरं नाही.

ब्रिस्टलहून_सोलापूरकर | २३ मे, दुपारी २.५०

मी मूळचा जुळे सोलापूरचा. इंग्लंडमध्ये हाच घोळ कसा चाललाय ते सांगतो, गंमत वाटेल. इथे सोळाव्या वर्षानंतर मुलं ए लेव्हल करतात, ते आपल्या सायन्स-कॉमर्ससारखं विद्यापीठात जाण्यासाठी. २००८ ला सरकारनं १४ ते १९ वयोगटासाठी डिप्लोमा नावाचा नवा प्रकार आणला, शाळेतच कामाशी जोडलेलं शिक्षण. सरकार बदललं आणि काही वर्षांत तो गुंडाळला. मग सप्टेंबर २०२० पासून टी लेव्हल आले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, एक टी लेव्हल तीन ए लेव्हलच्या तोडीचा धरतात. त्यात किमान ३१५ तास, म्हणजे साधारण ४५ दिवस, खऱ्या कंपनीत काम करावंच लागतं. त्याशिवाय प्रमाणपत्र पूर्ण होत नाही. आणि हे करूनही पुष्कळ विद्यापीठांत जाता येतं, प्रवेशासाठी त्याला गुण ठरवून दिलेत. तरी अजून सगळी विद्यापीठं सगळ्या विषयांना घेत नाहीत, यादी बघून अर्ज करावा लागतो.

आपल्याकडे ओजेटी कागदावर आहेच की. फक्त त्याची सही विकत मिळते, हे वर वाचून वाईट वाटलं.

सायन्सच_करा | २३ मे, दुपारी ३.२०

तिकडे प्लंबरला इंजिनिअरएवढे पैसे मिळतात म्हणून तिकडे चालतं. इथं कोण देतो? तुलना नको. आणि कोठारी आयोग सांगून पोट भरत नाही सर. माझ्या म्हणण्यातला मुद्दा कुणी खोडलेला नाही, सायन्सच्या बारावीला जेवढे रस्ते उघडे राहतात तेवढे दुसऱ्या कशाला नाहीत. तुम्ही सगळ्यांनी तेच लिहिलंय, फक्त सौम्य भाषेत.

सीएस_वाली | २३ मे, दुपारी ४.४५

उघडे राहतात, जर पास झालं तर. बारावी सायन्सला कसंबसं ४५ टक्के पडले आणि सीईटीत काहीच नाही, अशा मुलाकडे रस्ते किती? त्याला कामही येत नसतं. माझ्या गल्लीत अशी मुलं आहेत, बारावीनंतर शेवटी आयटीआयलाच गेली. तेच दहावीनंतर गेली असती तर त्या दोन वर्षांत ट्रेड पूर्ण झाला असता.

निवृत्त_निदेशक | २३ मे, सायंकाळी ६.३०

@सायन्सच_करा, तुमचा मुद्दा अर्धा मान्य आहे. पण "इंजिनिअर व्हायचं असेल तर" म्हणून वर्षांचा हिशेब घालून बघू. सायन्सनं गेला तर दोन अधिक चार, सहा वर्षं. दहावीवरून डिप्लोमा तीन वर्षं, त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि तिथे तीन वर्षं, म्हणजे सहाच. डिप्लोमात खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के पडले की पदवीला अर्ज करता येतो. आयटीआय दोन वर्षं, डिप्लोमाचं थेट दुसरं वर्ष म्हणून दोन, मग पदवीची तीन, झाली सात. व्होकेशनलवरूनही तशीच सात. फरक एका वर्षाचा आहे, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर हातात एक पूर्ण प्रमाणपत्र आहे. सायन्सवाला अर्ध्यात अडला तर त्याच्या हातात फक्त बारावीची मार्कशीट.

आता त्यातली गोम. आयटीआय किंवा व्होकेशनल करून जो थेट दुसऱ्या वर्षाला जातो त्याचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं. वर्गातली बाकीची मुलं ते करून आलेली असतात. मी पाठवलेल्या मुलांपैकी जी अडखळली ती सगळी गणितात अडखळली, वर्कशॉपमध्ये एकही नाही. म्हणून मामा, भाच्याला डिप्लोमा करायचाच असेल तर दहावीनंतर पहिल्या वर्षालाच घाला. तिथे गणित पहिल्यापासून शिकवतात आणि वेग सायन्सपेक्षा बरा असतो. मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्यायही अलीकडे काही संस्थांत आहे, आपल्याकडे मिळतो का ते चौकशी करा.

संपादक मंडळ | २३ मे, रात्री ८.००

या धाग्यावरचे तीन प्रतिसाद काढले आहेत. "मॅनेजमेंट कोट्यातून खात्रीशीर प्रवेश", "घरबसल्या दोन महिन्यांत आयटीआय सर्टिफिकेट" अशा मजकुरासह फोन नंबर दिलेले होते. असे काही दिसल्यास तक्रार करा, उत्तर देत बसू नका.

शेंगाचटणी | २३ मे, रात्री ८.१४

दोन महिन्यांत आयटीआय! रिवायंडिंगवाले दादा, बघा, तुमच्याकडं तो स्टेटर न बघताच येतोय.

दत्तनगर_मामा | २४ मे, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. सगळं प्रिंट काढून भाच्यासमोर ठेवलं आणि दाजींना वाचून दाखवलं. दाजी समकक्ष प्रमाणपत्रावर दोनदा थांबले, "म्हणजे बारावी म्हणूनच धरतात ना?" असं विचारून घेतलं.

पोराचं म्हणणं विचारलं. तो म्हणाला गणित नकोसं वाटत नाही, समजावून सांगितलं नाही म्हणून राहिलं. व्होकेशनल नको म्हणाला. कारण विचारलं तर म्हणाला, मित्र तिकडे आहे, वर्कशॉपला कुलूप असतं. (कॉलेजचं नाव विचारू नका.) द्विलक्षी आम्हीच सोडलं, इंग्रजीचं वाचून.

आता राहिले दोन. पहिली पसंती सरकारी पॉलिटेक्निक, इलेक्ट्रिकल. ते ६२ टक्क्यांवर लागेल का याची खात्री नाही, म्हणून आयटीआय इलेक्ट्रिशियनचाही फॉर्म भरायचा. दोन्ही एकदम भरता येतात का? आणि एकीकडे नंबर लागला तर दुसरीकडचं काय? खासगी पॉलिटेक्निकची फी विचारून आलो, ती नाही जमणार.

निवृत्त_निदेशक | २५ मे, सकाळी ६.५०

दोन्ही भरता येतात. पॉलिटेक्निकची प्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालयाची, आयटीआयची व्यवसाय शिक्षण संचालनालयाची, पोर्टल वेगळी, फेऱ्या वेगळ्या. अकरावीची तिसरी, ती २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालीय, त्यामुळे आपल्याकडेही तोच प्रकार. तीही भरून ठेवली तर नुकसान नाही. अडचण येते मूळ कागदपत्रांची. एका ठिकाणी शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि मूळ गुणपत्रिका जमा केली की दुसऱ्या फेरीत पोरगा अडकतो. म्हणून पसंतीची जागा लागल्याशिवाय मूळ कागद देऊ नका. झेरॉक्स आणि पडताळणीसाठी दाखवणं एवढंच. आणि देण्याआधी प्रवेश रद्द केल्यावर कागद किती दिवसांत परत मिळतील ते विचारून ठेवा.

पसंतीक्रम भरताना फक्त इलेक्ट्रिकलच टाकू नका. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सही टाका. पंढरपूर, बार्शी, उस्मानाबाद (आता धाराशिव) बाजूच्याही संस्था बघून घ्या. आयटीआयला इलेक्ट्रिशियनला गर्दी असते, वायरमनही टाका. दोन्हींचं काम पुष्कळसं सारखंच आहे.

वायंडिंग_अँड_सन्स | २५ मे, सकाळी ९.४०

मामा, तोपर्यंत पोराला सकाळी दोन तास माझ्याकडं पाठवा. गणिताचं पुस्तक घेऊन यायला सांगा, माझा पोरगा दुपारी मोकळा असतो, पहिल्या वर्षाचं तो शिकवेल. पैसे नकोत. जून संपेपर्यंत मोटरांची रांग आहे, हात लागलाच तर आमचंही काम हलकं.

दत्तनगर_मामा | २५ मे, सकाळी १०.१५

पाठवतो दादा, पत्ता निरोपात कळवा. सर, एक राहिलंच. आम्ही पद्मशाली, एसबीसीत (विशेष मागास प्रवर्गात) येतो. जातीचा दाखला आहे. नॉन-क्रिमीलेयर काढलेलं नाही. ते फॉर्म भरायच्या आधी लागतं का नंतर दिलं तरी चालतं?

निवृत्त_निदेशक | २५ मे, सकाळी १०.४०

आजच सेतूत अर्ज टाका. अर्ज केल्याची पावती जपून ठेवा, माहितीपुस्तिकेत पावतीवर फॉर्म भरायची मुभा आहे का ते बघून घ्या. असली तरी शेवटी मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावंच लागतं, नाहीतर जागा खुल्या गटात मोजतात. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला सोबत लागेल. दाजी यंत्रमागावर आहेत म्हणजे पगाराची स्लिप नसणार, तलाठ्याकडून करून घ्या, त्यालाच वेळ लागतो.

दत्तनगर_मामा | २५ मे, सकाळी १०.५२

निघालो.